ज्वारीची काणी आणि दोन पेशींची भेट

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी आज बुरशीविषयी बोलणार आहे असे कळल्यावर आमच्या शिक्षक-कक्षात थोडी हसाहस झाली. त्यात कोणाचा दोष नाही. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पेशी, केंद्रक, बीजाणू ही माझी भाषा नव्हे. परंतु या विषयात माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, आणि ती चूक एका शेतकऱ्याच्या रानात उगवली. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होतो. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून आठवीचे विज्ञान माझ्या गळ्यात पडले. सूक्ष्मजीवांचा धडा चालू असताना एका मुलाने दप्तरातून ज्वारीचे कणीस काढले आणि माझ्यापुढे धरले. कणसात निम्मे दाणे मोत्यासारखे होते. निम्म्या दाण्यांच्या जागी मळकट, टोकदार पिशव्या होत्या. त्याने एक पिशवी नखाने फोडली तशी काजळासारखी पूड टेबलावर सांडली. "सर, हे काळं कुठून येतंय? पीक तर हिरवंगार होतं."

आदल्या रात्री मी एका मार्गदर्शक पुस्तकात वाचले होते की काणीचे बीजाणू वाऱ्याबरोबर उडतात आणि फुलोऱ्यात पडतात. तेच मी ठोकून दिले. मुलाने विचारले, "मग काहीच करता येत नाही का?" मी म्हणालो, "वाऱ्याला कोण अडवणार?" वर्ग हसला. मलाही माझेच वाक्य आवडले.

मुलाने घरी जाऊन हे सांगितले. त्याच्या वडिलांना भावकीतले कोणी बियाण्याला गंधक चोळायला सांगत होते. शाळेतले सर म्हणतात वाऱ्याने येते, तर गंधक कशाला? त्यांनी त्याच राशीतले बी तसेच पेरले. पुढच्या फेब्रुवारीत ते शाळेत आले. आल्याबरोबर काही बोलले नाहीत. उपरण्याची गाठ सोडून पाच-सहा काळी कणसे टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरगं म्हणलं, काणी वाऱ्यानं येती. वाऱ्यानं माझ्याच रानात यायचं का? बांधाच्या पल्याड तर दाणा न् दाणा पांढरा आहे."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सबंध उन्हाळ्याची सुट्टी मी ते शोधत होतो. कृषी सहायकांना भेटलो, महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचे डोके खाल्ले, मराठी विश्वकोशाचे खंड चाळले. जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की ज्वारीची काणी एक नाही, चार आहेत. दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी. चौघींचीही पूड काळी, पण त्यांच्या येण्याच्या वाटा वेगळ्या. लांब काणीचे बीजाणू खरोखरच वाऱ्यावर येतात आणि फुलोऱ्यात शिरतात. झिपरी काणी जमिनीतून येते. तिच्यात सबंध कणीसच काळे होऊन झिपऱ्या लोंबतात. परंतु दाणे काणी आणि मोकळी काणी या बियाण्याला चिकटून येतात. त्या मुलाच्या हातात होती ती दाणे काणी, आणि मी त्याला सांगितली ती वाट लांब काणीची. म्हणजे मी सांगितले ते पुस्तकात खोटे नव्हते. त्या कणसाच्या बाबतीत मात्र खोटे होते.

आपल्याकडे या रोगांचा अभ्यास जुना आहे. मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका १९१८ साली प्रसिद्ध झाली. त्याच साली बटलर यांचा भारतातील पिकांच्या बुरशीरोगांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपासून छापलेले होते. ते आमच्या वर्गापर्यंत आले नव्हते एवढेच.

आता दाणे काणीचे जीवन पाहू. काळी पूड म्हणजे लक्षावधी बीजाणू. एक बीजाणू इतका बारीक की मिलिमीटरभर रेषेवर शंभराहून अधिक बसतील. मळणी होते तेव्हा पिशव्या फुटतात आणि ही पूड चांगल्या दाण्यांवर बसते. खळ्यावर बैल फिरत होते तेव्हाही हेच होत होते, आज मळणीयंत्रातही हेच होते. पूड दाण्याच्या आत जात नाही, नुसती अंगावर बसते. कोरड्या कोठीत ती वर्षानुवर्षे जिवंत राहते. दाणा दिसायला स्वच्छ. तोच आपण बी म्हणून राखतो आणि तिफणीच्या चाड्यातून जमिनीत सोडतो.

जमिनीत ओल मिळाली की दाणा जागा होतो. त्याच ओलीने बीजाणूही जागा होतो. त्यातून चार पेशींची एक लहानशी नळी निघते आणि तिच्यावर बारीक, लांबट लघुबीजाणू येतात. या प्रत्येकात आनुवंशिक गुणांचा अर्धाच संच असतो, कारण नळी निघताना बीजाणूतील केंद्रकाचे अर्धसूत्री विभाजन झालेले असते. येथे मला सर्वांत नवल वाटले ते सांगतो. यातली एकटी पेशी ज्वारीच्या कोंबाचे काहीही वाकडे करू शकत नाही. ती यीस्टप्रमाणे अंगातून कळ्या काढून आपल्यासारख्या पेशी वाढवू शकेल, पण रोग करू शकत नाही. तिला दुसरी पेशी भेटावी लागते, आणि तीही कोणतीही चालत नाही. वेगळ्या जातगटाची लागते. त्यांना नर-मादी म्हणता येत नाही, कारण दिसायला दोघी अगदी सारख्या. फरक फक्त आतल्या गुणांत. योग्य जोडी जवळ आली की दोघींमध्ये पूल तयार होतो, भिंत विरघळते, एकीचे पेशीद्रव दुसरीत मिसळते. कधी त्या नळीच्याच दोन पेशी आपसात जुळतात. या भेटीतून जो धागा निघतो, त्याच्यात ज्वारीच्या कोंबात घुसण्याची ताकद असते.

दोन निरुपद्रवी पेशी एक झाल्या की रोग तयार होतो. हे मातीत, आपल्या पायाखाली, पेरणीनंतरच्या थोड्या दिवसांत घडते.

पेशी अशा एक होतात हे मुलांना नुसते सांगून पटत नाही, म्हणून दुसरे उदाहरण देतो. ते डोळ्यांनी पाहता येते. विहिरीच्या किंवा डबक्याच्या संथ पाण्यावर रेशमासारखे हिरवे, बुळबुळीत शेवाळ असते. त्यात पुष्कळदा स्पायरोगायरा सापडतो. एरवी त्याचा धागा तुटून तुटून वाढतो. परंतु परिस्थिती बदलली, पाणी आटू लागले, की दोन धागे शेजारी शेजारी येतात. समोरासमोरच्या पेशींना फुगवटे येतात, ते जुळून नळ्या होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर शिडी दिसते. मग एका धाग्यातल्या पेशीतले सगळे द्रव्य नळीतून सरकत समोरच्या पेशीत जाते. एक धागा रिकामा होतो, दुसऱ्यात जाड कवचाचे गोल युग्मनज तयार होतात. पाणी आटले तरी ते टिकतात. यालाच पुस्तकात संयुग्मन म्हणतात. परीक्षेला ही आकृती मी मुलांकडून पन्नास वेळा काढून घेतली होती. शिडी प्रत्यक्ष पाहिली ती मात्र त्या सुट्टीत, पहिल्यांदा.

शिळ्या भाकरीवर किंवा पावावर येणारी काळी बुरशी घ्या. १९०४ साली अमेरिकेत ब्लेकस्ली या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या वर्गातल्या बुरश्यांमध्ये दोन गट असतात. दिसायला फरक नाही म्हणून त्याने त्यांना अधिक आणि उणे अशी चिन्हेच दिली. अधिक-अधिक जवळ ठेवा, काही होत नाही. उणे-उणे ठेवा, काही होत नाही. अधिक आणि उणे जवळ आले की दोघांच्या मधोमध काळ्या युग्मबीजाणूंची रेघ उमटते. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही असेच दोन गट आहेत. एक गट रासायनिक निरोप सोडतो. तो पोहोचला की दुसऱ्या गटाची पेशी वाढणे थांबवते आणि निरोप आला त्या दिशेला चोच काढते. मक्याच्या काणीवर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि तिच्यातही असेच निरोप सापडले आहेत. गट दोनच असतात असेही नाही. पावसाळ्यात वाळक्या लाकडावर पंख्याच्या आकाराची पांढुरकी, केसाळ बुरशी येते. आपण तिच्याकडे पाहतही नाही. तिच्यात असे तेवीस हजारांहून अधिक गट असू शकतात. सोयरीक जुळवणाऱ्या आमच्या बुजुर्गांनी हा आकडा ऐकून हात टेकावेत!

आणखी एक उदाहरण आपल्या जुन्या मुलखातले आहे. देगलूर ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्यात सिकंदराबादेला बेगमपेठेत रोनाल्ड रॉस काम करीत होते. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला त्यांनी डास चावू दिले, प्रत्येक डासामागे एक आणा देऊन. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाच्या परजीवीच्या गोल पेशी दिसल्या. या गोल पेशी कशा होतात? रक्ताबरोबर परजीवीच्या नर आणि मादी पेशी डासाच्या पोटात जातात. नर पेशी चाबकासारखे धागे सोडते, त्यातला एक मादी पेशीत शिरतो, दोघे एक होतात आणि तो जीव जठराच्या भिंतीत जाऊन बसतो. रॉस यांनी पाहिला तो या भेटीचा परिणाम. प्रत्यक्ष भेट त्याच १८९७ साली मॅकॅलम या तरुणाने पाहिली, कावळ्याच्या रक्तातल्या, हिवतापाच्या परजीवीशी नाते असलेल्या एका जीवात. आज ही भेटच होऊ नये अशी लस करण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे सांगण्याचे कारण पुढे गंधकाच्या वेळी ध्यानात येईल.

आता परत ज्वारीकडे. स्पायरोगायरात काय किंवा हिवतापाच्या परजीवीत काय, पेशी एक झाल्या की त्यांची केंद्रकेही लवकरच एक होतात. काणीत तसे होत नाही. पेशी एक होते, घर एक होते, पण आतली दोन केंद्रके वेगवेगळीच राहतात. धागा वाढतो, नवी पेशी तयार होते, तेव्हा दोन्ही केंद्रके एकाच वेळी दुभंगतात आणि नव्या पेशीतही जोडीनेच जातात. असा द्विकेंद्रकी धागा कोंबात शिरून त्याच्या वाढत्या शेंड्याबरोबर वर चढत राहतो. ज्वारी गुडघ्याला लागते, कमरेला लागते, डोक्यावर जाते. बाहेरून काही दिसत नाही. "पीक तर हिरवंगार होतं" असे तो मुलगा म्हणाला, ते अगदी खरे होते. तीन-साडेतीन महिने ती दोन केंद्रके एका छपराखाली राहतात. कणीस बाहेर पडते, दाणा भरण्याची वेळ येते, तेव्हा बुरशी दाण्याची जागा घेते. पांढऱ्या पिठाऐवजी पिशवीत काळे बीजाणू भरू लागतात. त्या कोवळ्या बीजाणूंत ती दोन केंद्रके शेवटी एक होतात. पेशींचे मीलन पेरणीला, केंद्रकांचे मीलन हुरड्याच्या सुमाराला.

या सगळ्या खटाटोपातून बुरशीला काय मिळते? सोप्या शब्दांत सांगायचे तर पत्ते पिसायला मिळतात. दोन वेगळ्या पेशींचे गुण एकत्र येतात, पुढच्या विभाजनात त्यांची नवी वाटणी होते. आपण काणीला दाद न देणारा ज्वारीचा वाण काढला, तर या पिसण्यातून कधीतरी त्यालाही जिंकणारा वंश निघू शकतो. दाणे काणी आणि मोकळी काणी यांचा आपसात संकर होतो, हेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणून वाण चांगला आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे, हे यावरूनच कळते. कोंबाने जमिनीबाहेर डोके काढेपर्यंतच बुरशीला आत शिरता येते. थंडाव्यात कोंब हळू वर येतो, तेव्हा तिला अवसर जास्त मिळतो. एकदा ती आत गेली की वरून काही फवारले तरी उपयोग नाही; कणीस काळे दिसल्यावर तर नाहीच. परंतु पेरण्यापूर्वी बीजाणू दाण्याच्या अंगावर उघडे बसलेले असतात. तेथे त्यांना गाठावयाचे. तीनशे मेश म्हणजे अगदी बारीक केलेले गंधक, एक किलो बियाण्याला चार ग्रॅम. रब्बी ज्वारीचे बी एकरी चार किलो धरले तर एकराला सोळा ग्रॅम गंधक झाले. झाकणाच्या भांड्यात बी आणि गंधक टाकून, प्रत्येक दाण्यावर पिवळसर पूड बसेपर्यंत हलवावयाचे. गंधकाजवळ बीजाणू रुजत नाही. रुजला नाही तर नळी नाही, नळी नाही तर लघुबीजाणू नाहीत, आणि दोन पेशींची भेटच होत नाही. गंधक लावलेले बी उरले तर ते दळायला किंवा जनावरांना घालू नये, ही गोष्ट घरातल्या बायकांना अवश्य सांगून ठेवावी. डब्यावर चिठ्ठी लावली तर उत्तम. शेतात काळी कणसे दिसली तर ती मळणीपूर्वी पिशवीत घालून अलगद कापावीत आणि जाळून टाकावीत. हातात धरून झटकत बांधावरून नेऊ नयेत. सोळा ग्रॅमने दाणे काणी आणि मोकळी काणी आवरतात. झिपरी आणि लांब काणीला ते पुरे पडत नाही, हेही लक्षात असू द्या. नाहीतर मी पुन्हा अर्धेच सांगितले असे होईल.

बांधाच्या पल्याडचा दाणा पांढरा का होता, याचे उत्तर आता आपल्या ध्यानात आले असेल. शेजाऱ्याने बाजारातले प्रक्रिया केलेले बी पेरले होते. बांध ओलांडून येणारे त्यात काहीच नव्हते. काणी ज्याच्या त्याच्या कोठीतून आली होती, किंवा आली नव्हती.

कोणी म्हणेल, मास्तर, आता आमच्याकडे सगळीकडे सोयाबीन, ज्वारी राहिली किती? खरे आहे. संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ साली आला, तेव्हापासून पुष्कळांच्या घरी पाकिटातले, औषध लावलेलेच बी येते. पण रब्बीला अजून मालदांडीसारखी ज्वारी पेरणारे आणि घरचे बी राखणारे लोक आपल्या तालुक्यात आहेत. भाकरीसाठी आणि कडब्यासाठी ते ती पेरतात, आणि त्यांच्याच रानात काणी दिसते. माहितीसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले. त्याच साली हैदराबादजवळ पाटणचेरूला ज्वारी-बाजरीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. देगलूरहून हैदराबादला जाताना संगारेड्डी ओलांडली की ती लागते.

त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. पुढच्या पेरणीआधी मी सोळा-सोळा ग्रॅमच्या तीन पुड्या बांधून घेतल्या, त्यांचे रान तीन एकर होते, आणि त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. काणी कशी येते ते सगळे सांगितले. दोन पेशींचे सांगताना चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर आकृती काढली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा पाजला आणि पुडी हातात घेऊन विचारले, "सर, ह्या खेपेला पक्कं का?" मी म्हणालो, पक्के. तरी सबंध हिवाळा माझ्या जिवाला घोर होता. दर पंधरा दिवसांनी मी सायकलीवरून त्यांच्या रानाकडे चक्कर टाकत असे. त्या वर्षी त्यांच्या रानात काणी शोधावी लागली. दोन कणसे सापडली. ती त्यांनी मला आणून दिली. शाळेत ठेवायला.

ती दोन्ही कणसे काचेच्या बरणीत घालून मी आज बरोबर आणली आहेत. विज्ञान-कक्षात उद्या सकाळी दहापासून सूक्ष्मदर्शक मांडलेला असेल. काणीचे बीजाणू परवाच पाण्याच्या थेंबात ठेवले आहेत. एक-दोन दिवसांत नळी निघते, तेव्हा उद्या ती दिसावी. स्पायरोगायराची शिडी मिळाली तर तीही दाखवू. त्यासाठी ज्यांच्या विहिरीवर हिरवे शेवाळ आहे अशा मुलांनी येताना बाटलीभर पाणी आणावे, मात्र विहिरीत एकट्याने उतरू नये. पालकांनीही यावे. घरचे बी राखणाऱ्यांनी मूठभर बी कागदात बांधून आणले, तर ते पाण्यात धुऊन त्या पाण्यात काळे बीजाणू आहेत की नाहीत हे आपण तेथेच पाहू.